आतून दार नसलेली खोली

चार वर्षांत माझं स्वयंपाकघर सहा वेळा हललं. आधी माजघरात, मग ओटीवर, मग पुन्हा माजघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, मग तीन महिने चक्क गोठ्यात. गोठ्यात गाय नव्हती म्हणून बरं, नाहीतर तिनंही विचारलं असतं, बाई, तुमचं इथं काय काम? दर वेळी गॅस, टेबल, डबे, पाण्याचं पिंप सगळं उचलायचं, दुसरीकडे मांडायचं, आणि मांडून होतं न होतं तोच हे दारात उभे. "जयवंती, ही भिंत आता घ्यायची आहे."

घ्यायची म्हणजे सोलायची. हे म्हणजे माझे यजमान, कृष्णा. चौतीस वर्षं वालीवच्या एका कारखान्यात फिटर होते. एकतीस तारखेला निवृत्तीचा हार गळ्यात घालून आले आणि एक तारखेला सकाळी हातोडी-छिन्नी घेऊन ओटीच्या भिंतीसमोर उभे राहिले. मला वाटलं खिळा ठोकायचा असेल. संध्याकाळपर्यंत निम्मी भिंत अंगणात पडली होती.

आमचं घर आगाशीच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर, वाडीत. पुढे आणि कडेला केळी, मागे विहीर, एका अंगाला बावखल, म्हणजे वाडीतलं जुनं तळं. पूर्वी पानवेली होत्या, आता नुसते नारळ आणि थोडा सोनचाफा. घर सव्वाशे वर्षांचं तरी असेल. त्याहून जास्त म्हणणारेही आहेत, पण त्यांच्याकडे पुरावा नाही आणि आमच्याकडेही नाही. भिंती विटा-चुन्याच्या, खांब सागाचे, वर कौलं. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या दिरांनी सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, घर 'पक्कं' व्हावं म्हणून. चुन्याची भिंत आत घामेजली, ओल बाहेर पडेना, क्षार फुटून लोणा लागला आणि विटा आतून झडायला लागल्या. दीर-जाऊ नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले आणि पक्कं घर आमच्या वाट्याला आलं.

तेव्हा सिमेंट काढायला हवं होतं हे मी नाकारत नाही. पण एखादा माणूस दोन गवंडी लावून चार महिन्यांत काम उरकतो. ह्यांना ते मान्य नव्हतं. ह्यांचं एकच पालुपद, जसं होतं तसं. खिडकी होती तिथंच खिडकी, कोनाडा होता तेवढाच कोनाडा. भिंतीला कारखान्यातलं बारीक मापाचं व्हर्नियर लावून मोजणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि चुन्याचं काम जाणणारा माणूस शोधायला आठ महिने गेले. तो सापडला जूचंद्रला. हिरामणदादा. वय सत्तरच्या पुढे, नातवाच्या स्कूटरवरून यायचे आणि उतरल्यावर आधी कंबर सरळ करायला पाच मिनिटं घ्यायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी परसात खड्डा खणून घेतला, त्यात चुन्याच्या कळ्या टाकल्या, वर पाणी सोडलं, आणि महिनाभर येणार नाही म्हणून सांगितलं.

"महिनाभर?" मी विचारलं.

"बाय, चुन्याला घाय चालत नाय. तो पानी पिऊन पिऊन थंड झाला पायजे. मंगच भिंतीला लावायचा. गरम चुना लावला तं भिंत फुटते."

मग त्यात वाळू, विटांचा चुरा, हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी. त्या वर्षी आमच्याहून जास्त गूळ भिंतींनी खाल्ला, आणि वाडीतल्या मुंग्यांना घराचा पत्ता कळला. हे खूश होते. हिरामणदादांबरोबर घमेली उचलायचे, थापी मारायचे, संध्याकाळी हातांना खोबरेल चोळत भिंतीकडे बघत बसायचे. एके काळी माझ्याकडे असं बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी एकदा म्हटलंही. हे हसले आणि म्हणाले, "तुला लोणा कुठे लागलाय?"

लागला होता. त्यांना दिसत नव्हता, एवढंच.

मी थकले होते. नुसती दमले नव्हते. दमलेलं माणूस झोपून उठलं की ठीक होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकाला चुन्याचा वास यायचा आणि वाटायचं, आज परत. अंथरुणावर धूळ, पिठात धूळ, देवांच्या डोळ्यांत धूळ. माझं शिवणाचं मशीन चार वर्षं चादरीखाली झाकलेलं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ढकललं जात होतं. गिऱ्हाइकांनी माझी वाट पाहून दुसरीकडे ब्लाउज टाकायला सुरुवात केली. फेब्रुवारीत एक दिवस मी कौलांवरून पडलेली माती झाडताझाडता तशीच खाली बसले आणि म्हणाले, "या एवढ्या घरात मला माझी म्हणून बसायला एक जागा नाही. मशीन मांडीन अशी एक खिडकी नाही. मी ऋतिकाकडे चालले."

ऋतिका माझी मुलगी. बोळींजला अकराव्या मजल्यावर राहते. ती आणि जावई दोघंही कधीपासून मागे लागलेले. "आई, ये ना. वेगळी खोली आहे तुला. नळ सोडला की गरम पाणी. बाबांना बसू दे भिंती चाटत." मी म्हटलं, येते. पावसाळ्याच्या आत येते. आणि हे चार दिवसांचं माहेरपण नाही, राहायला येते.

मी ते ह्यांना सांगितलं. रागाने नाही, सरळ सांगितलं. हे विहिरीवर जाऊन हातपाय धुऊन आले. मग म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत थांब. तोपर्यंत थांबलीस तर जाणार नाहीस."

आता असं म्हटल्यावर माणूस थांबतो. मीही थांबले.

त्या दोन महिन्यांत स्वयंपाकघर झालं. खरंच छान झालं, उगाच नावं ठेवणार नाही. चुन्याच्या भिंतीला एक गारवा असतो, हात ठेवला की कळतो. मी पंधरा दिवस तिथं स्वयंपाक केला आणि एकदाही डोकं दुखलं नाही. पण परसात, स्वयंपाकघराच्या पलीकडे, ह्यांचं आणि हिरामणदादांचं काहीतरी चालू होतं. विचारलं तर म्हणायचे, "हत्यारं ठेवायला आडोसा करतोय." मध्ये ताडपत्री टांगलेली होती, आणि मी त्या बाजूला जात नव्हते. त्या बाजूला मी वीस वर्षं फारशी गेलेच नव्हते.

कारण तिथं कडेची खोली होती.

ती स्वयंपाकघराला लागूनच होती, पण स्वयंपाकघरात उघडत नव्हती. मधली भिंत सलग. दार परसात, विहिरीकडे. खिडकी एक, केळींकडे. घरातल्या बायका महिन्याचे चार दिवस तिथं बसायच्या. थोरल्या जाऊबाईंबद्दल कोणी विचारलं, "द्वारका कुठे आहे?" तर उत्तर, "कडेला." एवढ्यात सगळ्यांना सगळं समजायचं, घरच्यांना, पाहुण्यांना, पानं न्यायला आलेल्या माणसालाही. सासूबाई गेल्यावर ती रीत आम्ही जावांनी बंद केली. खोलीत नारळाची सोडणं भरली. पुढे वीस वर्षांपूर्वीच्या जुलैतल्या त्या मोठ्या पावसात तिचं छप्पर आत बसलं, दोन भिंती गेल्या. सगळे हळहळले. मी मनातल्या मनात पेढे वाटले. तिथं रान माजलं, अळू उगवलं, आणि मी भाजीचा कचरा मुद्दाम लांबूनच तिथं फेकत गेले.

अक्षय तृतीयेच्या सकाळी ह्यांनी द्वारकावहिनींना, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, नालासोपाऱ्याहून बोलावून घेतलं. ऋतिका आली. हिरामणदादा धुतलेला सदरा घालून आले. हे मला म्हणाले, "चल, परसात चल." मी पदराला हात पुसत गेले.

खोली उभी होती. तशीच्या तशी. तेच बुटकं दार, तीच उंबऱ्याची उंची, तीच खिडकी, खिडकीशेजारी तोच कोनाडा, ज्यात मी तांब्या ठेवायची. पांढऱ्याशुभ्र भिंती. आणि खिडकीखाली माझं मशीन, तेल घातलेलं, पुसलेलं, वर नवीन आच्छादन.

"तुझी खोली," हे म्हणाले. "एकटीची. कोणी येणार नाही, कोणी हाक मारणार नाही. उजेड बघ किती सुंदर येतो मशीनवर."

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. पाय आत जाईनात. ऋतिका टाळ्या वाजवत आत गेली, फोटो काढायला लागली. तिला काय माहीत? तिच्या जन्मानंतर वर्षा-दोन वर्षांतच सगळं बंद झालं. द्वारकावहिनी आत जाऊन भिंतीला टेकून बसल्याच.

"मला तर ही खोली आवडायची गो," त्या म्हणाल्या. "चार दिवस सासूची हाक नाही, चुलीचा धूर नाही. गरम ताट दाराशी. मी तर कधी कधी पाचवा दिवस पण काढायची लबाडीने."

सगळे हसले. त्यांना हसायला काहीच हरकत नव्हती. त्यांना लग्नानंतर तिसऱ्या वर्षी दोन मुलगे होते.

"मला नको," मी म्हणाले.

"काय नको?" ह्यांनी विचारलं.

"ही खोली नको. मशीन आत घेऊन या." आणि मी घरात निघून आले.  मागे हिरामणदादा म्हणाले, "बायला ऊन लागला काय?" ऋतिका माझ्यामागे आली, "आई, काय हे, बाबांनी किती मनापासून केलंय," असं म्हणत. मी तिला म्हटलं, "माझी बॅग भर. उद्या नेशील मला?" ती घाबरली. म्हणाली, "नेईन, पण झालं काय?" मी म्हटलं, झालं काही नाही, दमले.

पुरणपोळ्या झाल्या, जेवणं झाली, कोणाच्या तोंडात पोळी फिरली कोणाच्या नाही. द्वारकावहिनी आणि ऋतिका दुपारीच गेल्या. हिरामणदादाही गेले. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते, हे येऊन पाटावर बसले.

"माझं काय चुकलं ते सांग," म्हणाले.

छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. नाहीतर ह्यांचं म्हणणं असायचं, कोणाचं काय चुकलं ते बघू. म्हणून मी सांगितलं.

"आपल्याला नऊ वर्षं मूल नव्हतं," मी म्हणाले. "ते आठवतं का?"

"असं काय विचारतेस?"

"त्या नऊ वर्षांत दर महिन्याला मी त्या खोलीत जायची. कधी दोन दिवस उशीर व्हायचा, कधी आठ. घरात सगळे गप्प गप्प. आई मला ओझं उचलू द्यायच्या नाहीत. तुम्ही वालीवहून येताना चिंचा आणायचात. आणि मग एका सकाळी मला चटई आणि तांब्या घेऊन परसातून त्या दारापर्यंत चालत जायला लागायचं. सगळ्यांसमोर. दुसऱ्या बायका दवाखान्यात जाऊन एकट्याने रडतात. माझं सगळं अख्ख्या वाडीला दिसायचं. आई कधी टाकून बोलल्या नाहीत, खोटं कशाला सांगू. पण या भिंतीला दार नसलं तरी कान होते. इकडे तुम्ही सगळे जेवायला बसलात की मला एकेक वाटी ऐकू यायची. आई कुणाला तरी सांगायच्या, ह्याही महिन्याला तेच. मी पदर तोंडात कोंबून रडायची, कारण मला ऐकू येतं म्हणजे तुम्हालाही येणार."

हे खाली बघत होते.

"ती खोली पडली तेव्हा मला वाटलं, देवाने बघितलं. आणि तुम्ही ती परत बांधलीत. व्हर्नियर लावून."

मी फडकं पिळलं, वाळत घातलं. मन मोकळं झालं असं काही वाटलं नाही. जुनं दुखणं सांगितल्याने जातं असं म्हणतात, ते कोणी म्हटलं देव जाणे. मला फक्त आणखी थकवा आला.

हे म्हणाले, "मला वाटायचं तुम्हाला तिथं आराम मिळतो."

"कोणी सांगितलं?"

"कोणी सांगितलं नाही. मी बघितलंय." आणि मग ह्यांनी मला एक सांगितलं, जे मी या घरात कधीच ऐकलं नव्हतं. "मी चारेक वर्षांचा असेन. आई पहाटे तीनला उठायची, पानवेलींना पाणी, गुरं, मग अठरा माणसांचा स्वयंपाक. तिला बसलेली मी पाहिलीच नाही कधी. नुसती पाठ दिसायची. फक्त ते चार दिवस. आत्या मला दाराशी नेऊन कपडे काढायची, कपड्याने विटाळ होतो म्हणून, आणि उघडा आत सोडायची. आई भिंतीला टेकून बसलेली असायची. मी तिच्या मांडीवर. ती माझ्या केसांतून हात फिरवायची, गोष्ट सांगायची, तिची ती तिच्याशीच हसायची. चौथ्या दिवशी न्हाऊन ती परत अठरा माणसांची व्हायची. मी महिनाभर वाट बघायचो, आई कडेला कधी बसेल." ह्यांनी बाहीने डोळे पुसले. "तू जागा मागितलीस. मला या घरातली सगळ्यात चांगली जागा तीच माहीत होती."

बासष्ट वर्षांचा माणूस पाटावर बसून रडत होता. मला दया यायला हवी होती. आलीही. पण त्याच्या आधी राग आला. मी माझं दुःख जेमतेम बाहेर काढून ठेवलं होतं, आणि ह्यांनी त्याच्या शेजारी आणून आपली आई बसवली. आता आईवर रागवायचं कसं? खोली पाडा म्हणायचं कसं? आणि न म्हणता राहायचं तरी कसं?

"राहू दे ती खोली," मी म्हणाले. "मी उद्या जाते. तुम्ही आईला भेटायला बसा तिथं."

हे उठले आणि परसात गेले. जाऊन त्या खोलीत बसले. दार उघडंच होतं. भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेले मला मागच्या दारातून दिसत होते. मी बॅग भरली. चार साड्या, गोळ्या, चष्मा. बॅग भरायला कितीसा वेळ लागतो? घर सोडायला इतकं थोडं लागतं हे बघून मलाच कसंतरी झालं.

चार वाजता चहा केला. रागावलं तरी चहा कोणाला चुकतो? ह्यांचा कप घेऊन मी परसातून गेले, दाराशी वाकले, कप उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरले.

मग माझ्या लक्षात आलं मी काय केलं ते.

मी ठरवून केलं नव्हतं. आईची शपथ, मनात काहीच नव्हतं. ऋतिकाला मी एकदाही कुठे बाजूला बसवलं नाही. देवळात पुजाऱ्याशी वाद घातलाय मी यावरून. आणि माझ्या हातांनी, माझ्या पायांनी, त्या दाराशी आल्यावर नेमकं तेच केलं.

हे कपाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग मधल्या जागेकडे.

"तू आत का येत नाहीस?"

"येता येत नाही," मी खरं ते सांगितलं.

हे पुढे सरकले, उंबऱ्यावरून हात लांब करून कप उचलायला गेले. खोली अशी आहे की आतल्या माणसाला बाहेरचं ताट घ्यायला गुडघ्यांवर यावं लागतं. हे गुडघ्यांवर आले. "असं ठेवायचे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कोण?"

"सगळे. तुम्हीसुद्धा."

"मी कधी?"

"एकदा वहिनी माहेरी होत्या, आई तापाने पडल्या होत्या. तुम्ही ताट आणलंत. पुतणे अंगणात खेळत होते. तुम्ही ताट असंच ठेवलंत, मागे सरलात, आणि माझ्याकडे न बघता गेलात. आठ दिवस उशीर होऊन मी बसले होते त्या वेळी. मला वाटलं होतं, तुम्ही तरी काही बोलाल."

हे आठवायचा प्रयत्न करत होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "मला आठवत नाही गं," शेवटी म्हणाले.

"मला आठवतं. भात आणि भोपळ्याची भाजी होती."

चहा तसाच राहिला. त्यावर साय आली. मी घरात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऋतिकाची वाट बघत ओटीवर बसले होते. ऋतिकाच्या आधी हिरामणदादा आले; ह्यांनी पहाटेच फोन करून बोलावलं होतं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून त्यांचा चढलेला आवाज आला म्हणून मी उठून गेले. हे पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या नव्या भिंतीवर दाराएवढी चौकट आखत होते.

"दादा, येड लागला काय तुमाला?" हिरामणदादा म्हणत होते. "भिंत आजून वली हाय. आत्ता तोडाल तं कडा झरतील. वरती फली टाकायला लागल, नायतर कौलाचा भार खाली येल. आनि हितं दार कवाच नव्हता. तुमीच बोललात ना, जसा व्हता तसा?"

"नाही," हे म्हणाले. "तसं नको आता."

"मंग कसा?"

हे माझ्याकडे वळले. "तू सांग. पाडू सगळी? तू म्हणशील तर पाडतो. आत्ता."

एवढी चार वर्षं मी म्हणेन तसं काहीच झालं नव्हतं, आणि आता सगळा भार माझ्या डोक्यावर. मी त्या भिंतीकडे बघितलं. मला ती खोली नको होती. पण काल रात्रभर डोळ्यांसमोर एक चार वर्षांचा उघडा पोरगाही येत होता, त्याला मी कुठे टाकू? "पाडू नका," मी म्हणाले. "दार करा. बाहेरचं ते बंद करा आणि इकडून करा. माझ्या स्वयंपाकघरातून."

हिरामणदादांनी कपाळाला हात लावला आणि पहार मागितली. हे म्हणाले, "मी मारतो," आणि परसातून वळसा घालून कडेच्या खोलीत गेले, तिकडून घाव घालायला. ऋतिका आली तेव्हा तिची आई बॅग ओटीवर टाकून तिसऱ्यांदा तांदळाचा डबा झाकत होती. "आई, निघायचं ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बस. ठरलं नाही अजून."

भिंत सहजी पडेना. काम चांगलं केलं होतं दोघांनी. गुळाचा, हिरड्याचा चुना, महिनाभर थंड केलेला. घाव बसायचा आणि टिकलीएवढा टवका उडायचा. हिरामणदादा इकडून जागा दाखवायचे, आणि मधूनच भिंतीवर हात ठेवून स्वतःशी पुटपुटायचे. स्वतःच्या हाताने लावलेलं फोडताना त्यांनाही जड जात असणार. ऋतिकाने तासभर वाट बघितली, मग तिला ऑफिसचं काम होतं, ती गेली. मी तिच्याबरोबर गेले नाही. बॅग ओटीवरच होती.

दीडच्या सुमाराला भिंतीला भोक पडलं. आधी मुठीएवढं, त्यातून पलीकडच्या खिडकीचा उजेड माझ्या ओट्यावर पडला. मग विटा निघत गेल्या. माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली तेव्हा हिरामणदादा म्हणाले, "आता पुरे, जेवून फली टाकू," आणि आपला डबा घेऊन ओटीवर गेले.

मी धुळीतच भात उतरवला. वालाचं बिरडं होतं, लोणचं होतं. दोन ताटं वाढली आणि स्वयंपाकघरात मांडली. हे पलीकडे त्या खोलीत पहार टेकून उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, धापा टाकत.

त्या खोलीतल्या माणसाला जेवायला हाक मारायची रीत नव्हती. ताट जायचं, आणि भिंतीपलीकडचं माणूस ते गुपचूप ओढून घ्यायचं. नऊ वर्षांत मला तिथं कोणी, ये गं जेवायला, म्हटलं नव्हतं.

"जेवायला या," मी हाक मारली.

"आलो," हे म्हणाले, पहार ठेवली आणि सवयीने बाहेरच्या दाराकडे वळले, परसातून वळसा घालून यायला.

"तिकडून नको," मी म्हणाले. "इथून या."

हे थांबले, भोकाकडे बघितलं, वाकले. खांदा अडकला, तसं मी पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना आत ओढून घेतलं.